‘यंत्रात गॅस नाही’ यावर सही करू का?

एका निवासी शिक्षणसंस्थेच्या भांडार विभागात काम करणाऱ्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वसतिगृहामागच्या पडवीत तीन वर्षांपासून साठलेली जुनी यंत्रं आता काढायची आहेत: अकरा फ्रीज, सहा वॉटर कूलर, चौदा एसी, प्रयोगशाळेतले दोन डीप फ्रीजर आणि पाहुण्यांच्या खोलीतला एक लहानसा, अजिबात आवाज न करणारा फ्रीज. महिन्याभरात संस्थेची पाहणी आहे, त्याआधी पडवी मोकळी करा, असं वरिष्ठांनी सांगितलं आहे. भंगार घेणाऱ्याने सगळ्या मालाची एकरकमी बोली लावली आहे. संस्थेचं काम वर्षानुवर्षं पाहणारे मेकॅनिक म्हणतात, ‘बहुतेकांतला गॅस केव्हाच उडालाय. उरलेला मी नळी कापून मोकळ्या हवेत सोडून देतो, अर्ध्या दिवसाचं काम.’ निर्लेखनाच्या, म्हणजे जुना माल दप्तरातून कमी करण्याच्या, फॉर्मवर ‘यंत्रात गॅस नाही’ असा रकाना आहे आणि त्यापुढे सही या भगिनीची लागणार आहे. गेल्या वर्षी तीन फ्रीज असेच गेले, तेव्हा तिने सही केली होती. तेव्हापासून मन खातं आहे. ‘मी उगाच बाऊ करतेय का? आणि सही करणार नाही म्हटलं, तर मेकॅनिककाकांना काय तोंड दाखवू?’ असं तिने विचारलं आहे.

नमस्कार.

तुम्ही बाऊ करत नाही आहात. त्या रकान्यासमोर तुमचा हात थांबला, हे योग्यच झालं. पण पत्रात दोन-तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरून चालला आहात. त्या आधी तपासू, म्हणजे सहीचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटेल.

पहिली गोष्ट, ‘बहुतेकांतला गॅस उडालाय’. हे कुणी मोजलं? फ्रीज थंड करेनासा झाला की आपण म्हणतो, गॅस गेला. पण कॉम्प्रेसर जळला, रिले गेला, थर्मोस्टॅट बिघडला, एसीचा कपॅसिटर उडाला, तरीही यंत्र थंड करणं थांबवतं, आणि तेव्हा गॅस मात्र नळ्यांमध्ये जसाच्या तसा असतो. तुमच्या पडवीतली कितीतरी यंत्रं अशीच बंद पडलेली असणार. ज्यांना खरोखर गळती आहे त्यांच्यातूनही सगळा गॅस जात नाही. आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला की गळती मंदावते आणि थोडा गॅस आत राहतो. शिवाय कॉम्प्रेसरच्या तेलातही तो विरघळलेला असतो. म्हणून गेज (दाब मोजायचं साधन) लावून पाहिल्याशिवाय कुठल्याही यंत्राला रिकामं समजू नये. न थंडावणारं आणि रिकामं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट, ‘मोकळ्या हवेत सोडला तर काय बिघडतं’. मेकॅनिककाका हे बेफिकिरीने म्हणत असतील असं मला वाटत नाही. त्यांच्या धंद्यात हा समज फार जुना आहे आणि त्याला कारणही आहे. सुरुवातीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे वायू असत. गळती झाली तर घरातली माणसं दगावत. मग अमेरिकी संशोधक थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रीजसाठी सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायू शोधून काढले. 1930 साली मिजलींनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि तो फुंकून मेणबत्ती विझवून दाखवली. विषारीही नाही, पेटतही नाही! पुढच्या कितीतरी पिढ्यांचे मेकॅनिक ‘हा गॅस निरुपद्रवी आहे’ असंच शिकले. 1974 साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा वायू इथे, खाली, कशाशीच संयोग पावत नाही आणि म्हणूनच तो हळूहळू वर, ओझोनच्या थरापर्यंत पोचतो. तिथल्या तीव्र किरणांनी तो फुटतो आणि त्यातून सुटलेला क्लोरीन ओझोनचे रेणू तोडत राहतो. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राची बातमी आली, आणि 1987 मध्ये असे वायू बंद करत नेण्यासाठी देशादेशांत मॉन्ट्रियल करार झाला. ज्या गुणामुळे तो गॅस सुरक्षित वाटला, तोच गुण पुढे घातक ठरला. हे काकांना जरूर सांगा. त्यांचं शिक्षण चुकीचं नव्हतं, जगाला जे कळलं ते नंतर कळलं.

नवे वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, म्हणून ते सोडायला हरकत नाही, असंही कुणी म्हणेल. त्यातले बरेचसे वातावरण तापवण्यात मात्र जबर आहेत. (‘आर’ आणि पुढे आकडा, ही यंत्रातल्या वायूंची नावं.) शंभर वर्षांच्या हिशोबाने एक किलो आर-134ए हा सुमारे 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो, आर-410ए सुमारे 2,088 किलोइतकी, आणि आर-404ए तर 3,900 किलोच्याही वर. जुना आर-22 ओझोनही खातो आणि वर 1,810 किलोइतकी उष्णता धरतो. म्हणूनच 2016 मध्ये रवांडातल्या किगालीला मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती होऊन हे नवे वायूही कमी करायचं ठरलं. तुमच्या चौदा एसींपैकी दहांत आर-22 आहे आणि प्रत्येकात किलोभर शिल्लक आहे असं धरा. तो ‘अर्ध्या दिवसात’ सोडून दिला, तर सुमारे 18 टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखं होईल. तेवढा निघायला जवळजवळ 7,800 लिटर पेट्रोल जाळावं लागतं. मी एका कार्यालयात नोकरीला होते तेव्हा गच्चीवर एसीची नळी कापताना पाहिली आहे. फुस्स असा आवाज आला, नळीवर क्षणभर पांढरं दव धरलं आणि सगळं शांत झालं. ना वास, ना धूर. त्यामुळे काही घडलं असं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

तिसरी गोष्ट भंगाराच्या बोलीची. जास्त बोली म्हणजे संस्थेचा फायदा, असं तुमच्या वरिष्ठांच्या बोलण्यात दिसतं. पण एकरकमी आणि ‘आहे तसा माल’ घेणारा ती बोली कशाच्या जोरावर लावतो? तांब्याच्या नळ्या आणि कॉम्प्रेसर. ते लवकरात लवकर सोडवायचे तर नळी कापायची, गॅस जाऊ द्यायचा, तेल जमिनीत मुरू द्यायचं आणि फ्रीजच्या भिंतीतला फोम फेकून द्यायचा. नीट गॅस काढणाऱ्याला मशीन लागतं, सिलिंडर लागतात, वेळ लागतो, म्हणून त्याची बोली कमी असते. म्हणजे दोन बोलींमधला फरक हा बहुतेक वेळा सोडून दिलेल्या गॅसचाच पैसा असतो. वरिष्ठांना हे याच शब्दांत सांगून पाहा. बोलींची तुलना करायची असेल तर आधी काम सारखं हवं.

आता काय करायचं ते बघू. तुमची तेहतीस-चौतीस यंत्रं एका माळेतली नाहीत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एक वही घ्या आणि प्रत्येक यंत्राची नेमप्लेट वाचा. फ्रीजमध्ये ती मागे कॉम्प्रेसरजवळ किंवा आत भाजीच्या कप्प्याच्या बाजूला असते, एसीत बाहेरच्या युनिटच्या अंगावर. तिच्यावर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये किंवा किलोमध्ये लिहिलेलं असतं. हे तुम्ही स्वतः करू शकता, त्यासाठी मेकॅनिक लागत नाही आणि काही उघडावंही लागत नाही. एक सकाळ जाईल. ती वही हातात आली की तुमच्या बोलण्याला वेगळंच वजन येईल. तोवर सगळे अंदाजावर बोलत होते, आता तुमच्याकडे यादी असेल.

त्या यादीतून काही यंत्रं लगेच वेगळी काढावी लागतील. ज्यावर आर-600ए किंवा आर-290 लिहिलंय, पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेची खूण आहे, त्यांत आयसोब्युटेन किंवा प्रोपेन असतो. हवामानाच्या दृष्टीने तो किरकोळ, पण पेट घेणारा. घरगुती फ्रीजमध्ये तो शंभर-दीडशे ग्रॅमच्या आतच असतो, पण बंद खोलीत ठिणगीजवळ तेवढाही पुरेसा असतो. या यंत्रांना नेहमीचं गॅस काढायचं मशीन लावायचं नाही, त्यासाठी ज्वलनशील वायूकरता बनवलेलं मशीन आणि मोकळी जागा लागते. एसीवर आर-32 असेल तर तोही मंद का होईना, पेटतो. आणि कुठल्याही यंत्राच्या नळीला गॅस आत असताना गॅसकटर लावू देऊ नका. जे वायू पेटत नाहीत तेसुद्धा ज्वाळेत फुटून हायड्रोजन फ्लोराइडसारखी अत्यंत दाहक द्रव्यं बनवतात, क्लोरीन असलेल्या वायूंतून फॉस्जिनही होऊ शकतो. हा धोका सगळ्यात आधी कापणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाला आहे.

तो लहानसा, आवाज न करणारा फ्रीज वेगळाच प्राणी आहे. त्याला कॉम्प्रेसर नाही म्हणून आवाज नाही. त्यात बहुधा अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन दाबाखाली बंद केलेले असतात, आणि गंज लागू नये म्हणून क्रोमेटचं विषारी मीठ घातलेलं असतं. त्याची नळी कापली तर डोळे, घसा, फुप्फुसं होरपळतील. त्याच्यावर मोठ्या अक्षरात ‘कापू नये’ लिहून चिकटवा आणि तो अखंडच घातक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पाठवा.

प्रयोगशाळेतल्या फ्रीजरांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, म्हणून मला जास्त काळजी वाटते. त्यांतला पहिला धोका गॅसचा नाहीच. आत काय ठेवलं होतं, तो आहे. नमुने, रसायनं, कुठे किरणोत्सारी द्रव्य होतं का, हे प्रयोगशाळेने लेखी द्यायला हवं. रिकामं करणं, बर्फ वितळवणं, निर्जंतुक करणं आणि त्याची सही-तारखेची चिठ्ठी दारावर चिकटवणं हे काम त्यांचं आहे, भांडाराचं नाही. ती चिठ्ठी नसेल तर कुठल्याही तंत्रज्ञाला हात लावू देऊ नका. दुसरं, त्यांतला एखादा उणे 80 अंशांचा असेल, तर त्यात बहुधा दोन कॉम्प्रेसर आणि एकमेकांपासून वेगळी दोन गॅसचक्रं असतात. एकात आर-404एसारखा वायू, तर दुसऱ्यात आर-508बीसारखा, ज्याची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या तेरा हजार पटींच्या आसपास आहे. या दुसऱ्याचा दाब खोलीच्या तापमानाला फार चढतो, नेहमीचा सिलिंडर त्याला चालत नाही. एका चक्रातला गॅस काढून ‘झालं’ म्हणणारा तंत्रज्ञ असेल तर नेमप्लेटवरची दोन्ही नावं त्याला दाखवा.

उरलेले एसी, कूलर आणि जुने फ्रीज हे रोजचं काम आहे. तंत्रज्ञ गेज लावतो, मशीनने गॅस ओढून सिलिंडरमध्ये घेतो, सिलिंडर काट्यावर ठेवलेला असतो. तुम्ही तिथे उभ्या राहा आणि तीन गोष्टी पाहा. सिलिंडर गच्च भरू नये, साधारण 80 टक्क्यांपर्यंतच भरावा, कारण उन्हाने आतला द्रव फुगतो. एका सिलिंडरमध्ये एकच गॅस असावा. हे फार महत्त्वाचं आहे. आर-22 मध्ये थोडा आर-410ए मिसळला की तो सहसा पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही, नष्टच करावा लागतो. आणि सिलिंडरचं आधीचं नि नंतरचं वजन तुमच्या वहीत तिथल्या तिथे उतरावं. नेमप्लेटवर 900 ग्रॅम आणि निघाला 850 ग्रॅम, ठीक. नेमप्लेटवर 900 आणि निघाला 60, तरीही ठीक, गळती होती हे कळलं. पण चौदा एसींपुढे एकसारखं ‘शून्य’ लिहिलेलं दिसलं, तर काटा लागलाच नव्हता असं समजा.

निघालेल्या गॅसला किंमत आहे, हे बऱ्याच संस्थांच्या लक्षात येत नाही. मॉन्ट्रियल करारानुसार आर-22 चं उत्पादन विकसित देशांत 2020 पर्यंत जवळपास बंद झालं आणि विकसनशील देशांत 2030 पर्यंत तीच वेळ येणार आहे. तुमच्या संस्थेत आर-22 वर चालणारे एसी अजून असतील, तर हाच गॅस तेल आणि ओलावा गाळून, तुमच्या इथले नियम मुभा देत असतील तर, तुमच्याच यंत्रांत वापरता येतो. फक्त जळलेल्या कॉम्प्रेसरमधला गॅस वेगळा ठेवा, त्यात आम्ल झालेलं असतं. नीट शुद्ध केल्याशिवाय तो दुसऱ्या यंत्रात भरला तर तेही जाईल.

गॅस निघाला तरी जुने फ्रीज पूर्ण निर्धोक होत नाहीत. सीएफसीच्या काळातल्या फ्रीजच्या भिंतीतला फोम सीएफसी-11 ने फुगवलेला असे, आणि पुष्कळदा नळ्यांत असतो त्यापेक्षा जास्त वायू त्या फोममध्ये अडकलेला असतो. फ्रीज हातोड्याने फोडला की तो सुटतो. हे काम बंदिस्त यंत्रात फ्रीज चिरून वायू धरून ठेवणाऱ्या केंद्रातच होतं. तेव्हा पुनर्चक्रण करणाऱ्याला ‘फोमचं काय करता?’ एवढा एकच प्रश्न विचारा. ज्याला या प्रश्नाचं उत्तर नीट देता येतं, त्याला बाकीचंही बहुतेक येत असतं. खूप जुन्या पेटीसारख्या फ्रीजरच्या झाकणातल्या दिव्याला पाऱ्याचा स्विच असू शकतो, तोही आधी काढून घ्यायला सांगा.

नवीन यंत्रं ज्यांच्याकडून घेताय ते जुनी परत घेतात का, हेही पाहा. ती सोय चांगली आहे, मात्र त्यांनीही वजनाची नोंद द्यायला हवी. आणि ‘अजून चालतंय’ असा गळका एसी कुणा गरजू संस्थेला भेट देण्याचा विचार निघाला, तर तो टाळा. त्यात आपली अडचण फक्त दुसऱ्याच्या पडवीत जाते, आणि त्यांच्याकडे तुमच्याइतकीही साधनं नसतात.

पाहणीची तारीख हा खरा ताण आहे, मला कळतं. पण पाहणीआधी पडवी मोकळी दिसायला हवी, यंत्रं विकली जायलाच हवीत असं नाही. एक कुलूपबंद, हवेशीर, सावलीची जागा मागा. तळघर नको, कारण हे बहुतेक वायू हवेपेक्षा जड असतात आणि खोलगट जागेत साचून श्वास कोंडू शकतात. यंत्रं उभीच हलवा, नळ्यांना धरून उचलू नका, एकावर एक रचू नका. कुलूप आवर्जून लावा, कारण तांब्यासाठी रात्रीतून नळ्या कापल्या जातात. आणि फ्रीजची दारं आजच काढून टाका. वसतिगृहाच्या मागे कर्मचाऱ्यांची मुलं खेळत असतील. जुन्या खिटीच्या फ्रीजमध्ये लपलेली मुलं गुदमरून जात, म्हणून अमेरिकेत 1956 साली आतून उघडणाऱ्या दारांचा कायदाच करावा लागला होता. सगळ्या पत्रात घाईने करायची गोष्ट कुठली असेल तर ही एकच.

आता सही. तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत, मुकाट सही करायची किंवा भांडायचं, असं तुम्हाला वाटतंय. तिसरी वाट फॉर्ममध्येच आहे. ‘गॅस नाही’ हे खोडून ‘गॅसची तपासणी बाकी, यादी सोबत’ असं लिहा आणि त्यावर सही करा. ते खरं आहे, त्यामुळे निर्भयपणे करता येईल. आणि निर्लेखनाच्या मंजुरीत अशी एक अट घालून घ्या: ‘प्रत्येक यंत्रातील शीतक वायू, यंत्र आवाराबाहेर नेण्यापूर्वी, प्रमाणित तंत्रज्ञामार्फत बंद सिलिंडरमध्ये काढून घेण्यात यावा. यंत्रनिहाय वायूचे नाव, काढलेले वजन, दिनांक आणि तंत्रज्ञाची सही असलेली नोंद भांडार विभागास प्राप्त झाल्याशिवाय गेट पास दिला जाणार नाही.’ गॅस आवारातच काढून घेण्यावर अडून राहा. ‘आमच्या गोदामात काढतो’ म्हटलं की त्यानंतरचं तुम्हाला काहीच दिसत नाही. तुमच्या इथले नियम काय कागद मागतात, हे स्थानिक पर्यावरण खात्याकडे लेखी विचारून ते उत्तरही फाइलला जोडा.

गेल्या वर्षीच्या तीन फ्रीजबद्दल. तो गॅस परत आणता येणार नाही, आणि तेव्हा तुम्हाला हे माहीतही नव्हतं. मात्र ती नोंद तशीच ठेवू नका. ‘वायूची तपासणी न करता विल्हेवाट, येथून पुढे पद्धत बदलली’ असा शेरा वरिष्ठांना सांगून तुमच्या नोंदवहीत लिहा. खुपत होतं ते बहुधा फ्रीज गेल्याचं नसून कागदावरच्या खोट्याचं आहे, आणि ते दुरुस्त करणं तुमच्या हातात आहे.

मेकॅनिककाकांना टाळून हे काम बाहेरच्या माणसाला देऊ नका, निदान त्यांना विचारल्याशिवाय तरी नको. त्यांना तुमची वही दाखवा. ‘काका, मला हे मोजून हवंय, तुम्ही हे मशीन वापरलंय का?’ असं विचारा. कदाचित वापरलं नसेल, पण शिकायची तयारी असेल, तर प्रमाणपत्राचं प्रशिक्षण संस्थेच्या खर्चाने द्या, असा प्रस्ताव तुम्हीच टाका. आर-22 परत वापरायचा तर त्यांच्याइतकी तुमच्या यंत्रांची माहिती असलेला माणूस तुम्हाला दुसरा मिळणार नाही. प्रशिक्षण होईपर्यंत प्रमाणित तंत्रज्ञ बोलवा आणि काकांना त्याच्यासोबत उभं करा. वजनाच्या नोंदीखाली साक्षीदार म्हणून त्यांची सही घ्या, तुमच्या सहीच्या शेजारी.